योगिनीनं सोडलेली जागा

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की मुलींची अभ्यासिका लागते. तिथं योगिनी बिडगरला नावानं कुणीच हाक मारत नसे. लहान मुली तिला ताई म्हणत आणि बरोबरीच्या ‘गव्हर्नन्स’ म्हणत. म्हणायच्या टिंगलीनंच, पण पेपर जवळ आला की त्याच बरोबरीच्या खुर्च्या ओढत तिच्याभोवती येऊन बसायच्या. शासनव्यवस्था आणि लोकधोरण हा विषय बाकीच्यांना भिजलेल्या गोधडीसारखा जड वाटायचा. योगिनी तो गप्पा मारल्यासारखी सांगायची.

“नागरिकांची सनद म्हणजे काय?” ती विचारायची आणि उत्तरही स्वतःच द्यायची. “खाली रसवंतीवाल्यानं पाटी लावलीय ना, बर्फ नको असेल तर आधी सांगा, ग्लास पूर्ण भरून मिळेल. ती झाली त्याची सनद. आता पाटी असूनही तो अर्धा ग्लास फेसच देतो आणि आपण गप पिऊन येतो, ती झाली अंमलबजावणी.”

मुली खदखदून हसायच्या, आणि हसता हसता त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसायचं. अशा माणसानं परीक्षेत पास व्हावं असं तुम्हाआम्हाला वाटतं. परीक्षेला तसं काही वाटत नाही, हे योगिनीला कळायला बरीच वर्षं लागली.

तिचं घर वेरूळच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला, धनगरांच्या वाडीत. वडील मल्हारराव मेंढ्या राखायचे, आई म्हाळसाबाई मेंढ्यांमागं आणि मेंढ्या नसतील तेव्हा रोजानं दुसऱ्याच्या रानात. दिवाळी झाली की त्यांचा वाडा निघायचा. वाडा म्हणजे इथं चिरेबंदी घर नव्हे. मेंढ्या, कोंबड्या, सामान लादलेलं घोडं, रात्री मेंढ्या कोंडायची जाळी आणि चार-पाच कुटुंबं, असा तो सगळा चालता संसार. गोदाकाठच्या रानांत उतरायचं, शेतकऱ्याच्या वावरात मेंढ्या बसवायच्या, त्याला खत आणि आपल्याला धान्य, की पुढचं गाव. पोरांची शाळा मात्र मागं वाडीतच राहायची.

योगिनी लहान असताना एका साली गोदाकाठच्या एका गावात कुणी शिक्षण खात्यातले साहेब स्वतः वाड्यावर आले. जाळीजवळ उकिडवे बसले, पोरं मोजली, आणि आठवडाभरात निंबाखाली फळा लागला. तेवढ्या एका हंगामात योगिनी वाचायला शिकली. पुढच्या साली वाडा त्याच गावात आला तर निंबाखाली काहीच नव्हतं. साहेबांची बदली झाली होती. तिनं बापाला विचारलं, “आण्णा, साहेब गेले तर शाळा कामून गेली?” मल्हाररावांनी मेंढ्या पुढं हाकल्या. पुढं पुस्तकात तिला तो प्रश्न सापडला, संस्था मोठी की माणूस, असा लांबलचक होऊन. त्या दिवसापासून हा विषय तिच्या मनात जो घुसला तो घुसलाच. तिला गटविकास अधिकारी व्हायचं होतं, आणि मनातलं खरं सांगायचं तर, आपली बदली झाली तरी फळा तिथंच राहील असं काहीतरी करून जायचं होतं.

घरानं तिला बिनलग्नाची थांबू दिलं, ही साधी गोष्ट नाही. वाडीतल्या तिच्या वयाच्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली होती. थोरला भाऊ सोमनाथ वाळूजला कंपनीत कंत्राटावर होता. त्याच्या जादा पाळ्यांवर तिची शहरातली भाड्याची खोली चालायची, आणि बहिणीचं मार्गी लागल्याशिवाय बोहल्यावर उभं राहायचं नाही असं मनाशी धरून त्यानं स्वतःचं लग्नही लांबवलं होतं. तो हे बोलून दाखवत नसे. बोलून दाखवलं असतं तर योगिनीला निदान भांडता तरी आलं असतं.

खोलीत तिच्यासोबत सुकेशनी राहायची. तीही धनगराचीच, पैठणकडची. तिचा बाप तिच्या लहानपणीच गेला, आई आवडाबाई दुसऱ्यांच्या कापसात राबून तिला पैसे पाठवायची. सुकेशनी हुशार होती पण घाबरट. पेपर हातात पडला की येत असलेलंही विसरायची. योगिनीनं तिला अक्षरशः मांडीवर घेऊन शिकवावं तसं शिकवलं. सकाळी दोघी एकाच कुकरमधला भात खायच्या, नळाला पाणी येईल त्या दिवशी दोघी मिळून बादल्या भरायच्या, आणि बादल्या भरता भरता योगिनी विचारायची, “सांग, राज्य वित्त आयोग कशासाठी?” सुकेशनी नळ बंद करायचं विसरून उत्तर शोधत उभी राहायची, आणि खालून घरमालकीण ओरडायची.

मग तो हंगाम आला, सगळं एकदम पिकल्यासारखा. योगिनी राज्यसेवेची मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीला गेली. मुलाखत झकास झाली. एका सदस्यानं विचारलं, फिरत्या मेंढपाळांच्या मुलांसाठी धोरण सांगा, आणि योगिनीचा बांध फुटला. ती बोलत राहिली, मंडळी मान हलवत राहिली. बाहेर आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. त्याच सुमारास, आधी सहज देऊन ठेवलेल्या लिपिकाच्या परीक्षेची यादीही लागली. यादीत योगिनीचं नाव चांगलं वर होतं. सुकेशनीचंही होतं, पण त्यांच्या प्रवर्गातल्या मुलींच्या जागा जिथं संपत होत्या त्याच्या लगेच खाली. म्हणजे वरच्या एकीनं जरी पाय काढला, तरी सुकेशनी आत.

आणि पाय काढायची सोय होती. या परीक्षांच्या जगाबाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं म्हणून सांगतो. यादी लागल्यावर थोडे दिवस संगणकावर एक पर्याय खुला असतो, ‘भरतीतून बाहेर पडणे’. ज्याला ती नोकरी करायचीच नाही त्यानं त्या मुदतीत तसं कळवायचं, मग त्याच्या खालचा माणूस वर सरकतो. मुदत गेल्यावर मात्र एखादा नुसताच रुजू झाला नाही, तर ती जागा कधी आणि कुणाला मिळेल, याचं घोडं कुठं पेंड खाईल सांगता येत नाही. आता लोक काय करतात? लोक धरून ठेवतात. मोठ्या पदाचा निकाल येईस्तोवर हातात लहान असू द्यावं म्हणतात, आणि काही बहाद्दर तर खालच्या माणसाकडून बाहेर पडण्याचा मोबदलाही उकळतात.

योगिनीला हे पटत नव्हतं. या विषयावर तिनं वहीभर लिहिलेलं होतं आणि मुलींना पढवलेलंही होतं. सार्वजनिक पद ही कुणाची खासगी मालमत्ता नाही. जिथं काम करायचं नाही ती जागा अडवणं म्हणजे दुसऱ्याचा हक्क अडवणं. बाकीच्या मुली हे निबंधाच्या पेपरात लिहीत होत्या. योगिनीला ते खरंच वाटत होतं, आणि इथंच सगळा घोटाळा झाला.

अभ्यासिकेचा मालक विश्वजीत स्वतः एके काळी या परीक्षांत वय घालवून बसलेला. तिचा विचार कानावर गेला तसा तो मुद्दाम वर आला. “मॅडम, मुदत संपेपर्यंत गप बसा. लिपिकाला रुजू व्हा. मोठं आलं तर सोडा. नोकरी काय शिळी होती का?”

“मी रुजू होऊन सोडली तर सर, ती जागा पुढची जाहिरात निघेपर्यंत मोकळी. म्हणजे एका मुलीची नोकरी मी नुसती खाऊन टाकली.”

“खाऊन टाका ना. इथं सगळेच खातात.”

“म्हणूनच नाही खायची.”

विश्वजीतनं हात टेकले. सुकेशनी मात्र या सगळ्यात चकार शब्द बोलली नव्हती. मागितलं नाही, सुचवलं नाही. फक्त तिचं जेवण तुटलं होतं, आणि खोलीत योगिनी मोबाइल हातात घेऊन बसली की ती भिंतीकडं तोंड करून झोपायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी योगिनीनं तिला हलवून उठवलं, तिच्यासमोर पर्याय निवडला, मोबाइलवर आलेला संकेतांक टाकला आणि भरतीतून बाहेर पडली. सुकेशनी आधी नुसती बघत राहिली. मग तिनं योगिनीचे पाय धरले आणि मोठ्यानं रडली. “जन्मभर इसरणार नाय गं योगे,” म्हणाली. योगिनीला त्या क्षणी जे वाटलं ते सुखच होतं, आणि त्यात थोडा तोराही होता. आपण अजून अधिकारी झालो नाही तरी पहिला निर्णय अधिकाऱ्यासारखा घेतला, असं तिला वाटलं.

राज्यसेवेचा निकाल लागला तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. लेखीत गुण थोडे कमी, आणि मुलाखतीत मान हलवणाऱ्या मंडळींनी नुसतीच मान हलवली होती. थोडक्यात गेली. अभ्यासिकेतल्या मुली तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या, जसं सुतकाच्या घरात बोलतात. सुकेशनीला तोवर नेमणूक मिळाली होती, गंगापूरला कचेरीत. सामान बांधताना ती पुष्कळ रडली आणि कुकर योगिनीला ठेवून गेली.

आता घरी सांगणं आलं. लिपिकाची यादी लागली तेव्हा वाडीनं तिचा फोटो लावून फ्लेक्स केला होता, तिच्यावर गुलाल टाकला होता, म्हाळसाबाईंनी पेढे वाटले होते. नोकरीवर कधी जाणार असं जो तो विचारायचा आणि योगिनी सांगायची, थांबा, याहून मोठी येतीय. ती आली नाही. योगिनी एसटीनं वेरूळच्या फाट्यावर उतरली आणि तशीच रानात गेली. मल्हारराव मेंढ्यांची लोकर कातरत बसले होते. म्हाळसाबाई पाय धरून मेंढी आडवी करत होत्या. सोमनाथची त्या दिवशी सुट्टी होती, तोही होता.

योगिनीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

“म्हंजी,” म्हाळसाबाईंना ते नीट उमगायलाच वेळ लागला, “मिळाली व्हती नोकरी? आन् तू तुझ्या हातानं दिली?”

“दिली म्हणजे सोडली, माय.”

“शिकून शिकून अक्कल गेली का गं तुझी? ह्ये लेकरू रातरात मशिनीम्होरं उभं ऱ्हातं, आन् तू दान करीत सुटली?” मेंढीचे पाय त्यांच्या हातातून सुटले. सोमनाथनं सुटलेली मेंढी धरून आणली, आईच्या हातात दिली आणि तो पांदीच्या वाटेनं निघून गेला. ते योगिनीला आईच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मल्हाररावांनी हातातली मेंढी पुरी कातरून काढली. मग कातर खाली ठेवून म्हणाले, “ह्यात चूक काय केली तिनं?”

“ऐका!” म्हाळसाबाई म्हणाल्या.

“आगं, वाड्यात कुणाच्या मेंढ्या रोगानं मेल्या तर आपून काय करतो? परतेक घर एक मेंढी त्याच्या जाळीत सोडतं का नाय? माह्या बापाचा कळप गेला तवा असाच उभा ऱ्हायला. आन् ज्याचा कळप उभा ऱ्हातो त्यो आपल्या पायानं येऊन मेंढी परत सोडून जातो. मागावं लागत नाय. मागायची पाळी आली तर समजायचं, त्यो आपल्यातला नव्हताच. ती पोरगी आपल्याच जातीची हाय. तिला म्हाईत असंल. देईल ती परत, कोणत्या ना कोणत्या रूपानं.”

नोकरी ही काय मेंढी आहे का, असं योगिनीला म्हणावंसं वाटलं. पण सगळ्या जगात एकटा बाप आपल्या बाजूनं उभा आहे हे बघून तिला इतकं भरून आलं की ती खाली बसून कातरलेली लोकर गोळा करू लागली. वर्षभराची मुदत मिळाली. त्या वर्षाच्या शेवटी काही हाताला लागलं नाही तर लग्न, असं म्हाळसाबाईंनी ठरवून टाकलं आणि योगिनीनं मान खाली घालून ते ऐकलं.

परीक्षेनंही तेव्हाच कूस बदलली. इतकी वर्षं चार पर्यायांतला एक काळा करायचा होता, तो राज्यसेवेचा पेपर आता सविस्तर लिहायचा झाला. बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. योगिनीच्या स्वभावाला नेमका आता पेपर जुळला होता, पण लिहिण्याचा हात तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं हवीत, आणि ती तिच्याकडं नव्हती. म्हणून तिनं त्यासोबत मिळेल ती परीक्षा दिली. कर सहायकाची दिली. सरकारी नोकरीत एकदा पाय ठेवला की मग घर थांबेल, मग सावकाश लिहू, असा तिचा हिशेब होता.

कर सहायकाची यादी लागली. त्यांच्या प्रवर्गातल्या मुलींच्या जागा जिथं संपत होत्या तिथं शेवटचं नाव होतं सुकेशनीचं. त्याच्या लगेच खाली योगिनी.

योगिनी अभ्यासिकेत बसली होती. तिनं यादी पुनःपुन्हा खाली-वर केली. मग ती हसली, अगदी आवाज करून हसली. सुकेशनीनं ही परीक्षा सवयीनं देऊन ठेवली असणार; तिला तर पक्की नोकरी होती, गंगापूरला रुळलीही होती. ती हे पद घेईलच कशाला? बाहेर पडण्याचा पर्याय खुला झाला होता. तिनं घरी फोन केला तर मल्हारराव म्हणाले, “म्या काय म्हणलो व्हतो?”

सुकेशनीचा फोन येईल म्हणून योगिनी मोबाइल उशाशी घेऊन झोपू लागली. फोन आला नाही. अभिनंदनाचा निरोप तिनं पाठवला तर दोन हात जोडल्याचं चित्र तेवढं आलं. मागायचं नाही, बापानं सांगितलं होतं. मागायची पाळी यायला नको, असं ती स्वतःलाही बजावत होती. मुदत मात्र सरत चालली. विश्वजीत खालून वर येऊन नुसता तिच्याकडं बघायचा आणि परत जायचा. शेवटी मुदत संपायला आली तशी योगिनीची तगमग झाली आणि तिनं गंगापूरची एसटी धरली. आपण हे जे करतोय ते वाड्यात कुणी केलं असतं तर बापाला लाज वाटली असती, हे तिला वाळूज येईपर्यंत आठवत होतं. वाळूजला कंपन्यांच्या रांगा लागल्या. त्यातल्याच कुठल्या तरी पत्र्याखाली सोमनाथ उभा होता. मग तिनं लाज बाजूला ठेवली.

सुकेशनी कचेरीतून बाहेर आली तेव्हा फाटकाजवळचा म्हातारा तिला ‘मॅडम’ म्हणून नमस्कार करत होता. अंगानं भरली होती, चालण्यात एक सावकाशपणा आला होता. घाबरट पोरगी पार पुसून गेली होती, आणि हे आपणच शिकवल्याचं फळ म्हणून योगिनीला क्षणभर बरंही वाटलं. दोघी चहाच्या हॉटेलात बसल्या. सुकेशनीनं भजी मागवली. आवडाबाईंना आता रोजानं जावं लागत नाही, गुडघ्याचं औषध चालू आहे, असं सांगितलं.

“तू कर सहायकाला जाणार का?” योगिनीनं विचारलं.

“बहुतेक नाय. लांब टाकतील. सासर हिकडंच हाय ना.”

“सासर?”

सुकेशनीनं पर्स उघडून पत्रिका काढली. लग्न ठरलं होतं. मुलगा बँकेत होता. पत्रिकेत दोघांच्या नावांखाली कंसात हुद्दे छापले होते. मुलाच्या नावाखाली बँकेतला, सुकेशनीच्या नावाखाली ‘कर सहायक’. लिपिक हा शब्द कुठंच नव्हता.

“यादी लागल्यावरच त्यांनी हो म्हणलं,” सुकेशनी म्हणाली. “आधी लिपिक म्हणून नाक मुरडत व्हते. पत्रिका वाटून झाल्यात निम्म्या. त्यांच्याकडचे लोक यादी उघडून बघत्यात गं. माझं नाव गेलं त्यातून तर कळंल सगळ्यांना.”

“लग्न होईपर्यंतच ना? पण मुदत उद्या संपतीय.”

“म्हाईत हाय.”

“तू जाणार नाहीस त्या जागेवर.”

“नाय जाणार.”

योगिनीच्या हातातला चहा निवला होता. मग तिनं ते केलं जे करायचं नव्हतं. तिनं मागितलं. अगदी सरळ, हात जोडून नव्हे पण त्याच्या जवळपास जाऊन. घरी काय ठरलंय ते सांगितलं, सोमनाथचं सांगितलं. “सुके, तू बाहेर पड. मला मिळेल ती जागा. मी तुझ्यासाठी पडले होते.”

सुकेशनीचे डोळे भरले. खोटे नव्हते. पण ती बोलली ते अगदी सावकाश, ठरवून ठेवल्यासारखं.

“तू पडली व्हती, पर तवा तुला वाटत व्हतं तुला मोठं मिळणार हाय. लिपिकाची नोकरी तुझ्या लेखी काय व्हती? कचरा. तू कचरा दिला मला, योगे, आन् म्या पाय धरले तुझे. माझ्यापाशी आत्ता ह्येच हाय, एवढं एक लग्न. त्यातलं तुला काय काढून देऊ?”

“कचरा नव्हता गं तो.”

“मग मोठं मिळणार नाय असं म्हाईत असतं, तर दिली असती का?”

योगिनीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिला शंभर उत्तरं येत होती, सार्वजनिक पदाबद्दल, हक्काबद्दल. त्यातलं एकही खरं आहे की नाही हे तिला ऐन त्या वेळी ठरवता येईना. सुकेशनीनं भज्यांचे पैसे दिले, लग्नाला ये म्हणाली, आणि जेवणाची सुट्टी संपली म्हणून कचेरीत गेली.

परतीच्या एसटीत योगिनीला रडू आलं नाही. सुकेशनीचा राग यावा म्हणून तिनं खूप प्रयत्न केला. राग आला असता तर सगळं सोपं झालं असतं. पण तिच्या मनात तो एकच प्रश्न घोळत होता, आणि त्याचं जे उत्तर येत होतं ते तिला नको होतं. नाही, दिली नसती. मोठं मिळणार नाही असं माहीत असतं तर दिली नसती. मग इतकी वर्षं आपण जे शिकलो आणि शिकवलं, ते काय होतं?

मुदत संपली. सुकेशनी लग्नानंतर कर सहायक म्हणून रुजू झाली नाही, लिपिकच राहिली. ती जागा तशीच मोकळी पडली. प्रतीक्षा यादीतून काही होईल का म्हणून योगिनीनं अर्ज केले, फोन केले, आणि मग तेही सोडून दिलं. मल्हाररावांनी एकदाच विचारलं, “आली का ती पोरगी?” ती नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ते थकल्यासारखे दिसायला लागले. मेंढ्या कमी करायचं बोलू लागले. कधी नव्हे ते म्हाळसाबाईंना म्हणाले, बघ मग पोरगा, तुझ्या मनाप्रमाणं.

पोरगा बघितला. सिल्लोडकडचा, शेती आणि ट्रॅक्टर असलेला, वाईट नव्हता. लग्नानंतर अभ्यास करू देऊ असंही त्याच्या घरचे म्हणाले. ते तसं सगळ्यांनाच म्हणतात.

योगिनी सामान आवरायला अभ्यासिकेत आली. पुस्तकं तिनं लहान मुलींना वाटून टाकली. शासनव्यवस्थेचं जाडजूड पुस्तक श्रेया नावाच्या पोरीनं घेतलं. श्रेया लातूरकडची, तेज होती, राज्यसेवेची मुलाखत देऊन आली होती. पुस्तक छातीशी धरून ती घुटमळली.

“ताई, एक विचारू? माझं नाव लिपिकाच्या नव्या यादीत लागलंय. मला तर ती करायची नाहीये. माझ्याखाली एक मुलगी आहे, तिला दोन लेकरं आहेत, नवरा वारलाय. ती रोज फोन करतीय. मी बाहेर पडू ना? तुम्ही नेहमी सांगता तसं.”

योगिनी पिशवीची चेन लावत होती. ती लावून झाल्यावर तिनं श्रेयाकडं पाहिलं.

“नको पडू. धरून ठेव.”

“पण ताई, तुम्हीच तर शिकवलंत ना, जागा अडवू नये...”

“ते पेपरात लिही,” योगिनी म्हणाली. “चांगले गुण मिळतात.”

श्रेयाचा चेहरा उतरला, आणि मग हळूहळू सुटकेनं सैल झाला. एका मोठ्या माणसानं परवानगी दिली होती. ती थँक्यू ताई म्हणून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. योगिनी पिशव्या घेऊन दाराशी थांबली. आपण आत्ता कुण्या दोन लेकरांच्या आईची नोकरी खाल्ली हे तिला समजत होतं. याची लाज वाटायला हवी म्हणून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. लाज वाटली नाही. मग ती पिशव्या सावरत जिना उतरली.